बी.एस्सी.चा आराखडा सहाव्या सेमिस्टरपासून उलटा आखायचा

प्रश्न असा आला आहे: "सर, मी बडोद्याची, मांजलपूरला राहते. यंदा बारावी सायन्स झाले, ए ग्रुप, म्हणजे गणितवाला. महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठात बी.एस्सी. करायचं नक्की आहे. पुढे डेटाचं काम करायची इच्छा आहे, पण मेजर गणित घेऊ की स्टॅटिस्टिक्स, ते ठरत नाही. बाबा म्हणतात मायनर कॉम्प्युटरच घे. तीन वर्षांत बाहेर पडू की चौथं वर्षही करू? शिवाय लहानपणापासून तबला शिकतेय, म्युझिक कॉलेजचा डिप्लोमा सोबत जमेल का? सगळ्याचा मिळून आराखडा कसा करतात?"

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, स्टॅटिस्टिक्स; मायनर, म्हणजे जोडविषय, गणित. कॉम्प्युटर हवाच, पण तो दुसऱ्या खिडकीतून आत घ्यायचा. चौथ्या वर्षाचा निर्णय आज घ्यायचा नाही, पण तो ज्यावर अवलंबून आहे त्या गोष्टी पहिल्या सेमिस्टरपासून सांभाळायच्या. आणि तबला सोडू नकोस.

माझी सगळी नोकरी स्टॅटिस्टिक्स शिकवण्यात गेली. दर जून-जुलैत मुलं आणि त्यांचे पालक समोर येऊन बसायचे, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न "स्कोप कशाला आहे?" हाच असायचा. त्या प्रश्नातून आराखडा होत नाही. दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: गुणपत्रिकेवर कोणत्या विषयाचं नाव असायला हवं, आणि डोक्यात काय असायला हवं. ही दोन उत्तरं एकच असतात असं नाही.

नावाचा प्रश्न तुलनेनं सोपा, कारण तो जाहिराती वाचून सुटतो. यूपीएससी जी इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा घेते, तिला पदवीत स्टॅटिस्टिक्स, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स किंवा अप्लाइड स्टॅटिस्टिक्स हा एक विषय असावा लागतो, नाहीतर त्यात मास्टर्स. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेत ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसरची अट सैल आहे: कुठलीही पदवी आणि बारावीच्या गणितात ६० टक्के असले तरी चालतं. पण त्याच परीक्षेतल्या स्टॅटिस्टिकल इन्व्हेस्टिगेटर ग्रेड २ या पदाची अट नीट वाच: स्टॅटिस्टिक्स हा विषय पदवीच्या तिन्ही वर्षांत, म्हणजे सहाही सेमिस्टरमध्ये शिकलेला असला पाहिजे.

ही सहा सेमिस्टरची ओळ नव्या शैक्षणिक धोरणाच्या पद्धतीत फार महत्त्वाची झाली आहे. मेजर विषय दर सेमिस्टरला असतो. मायनर मात्र काही सेमिस्टरांत नसतोच; त्या जागी मेजरचा जास्तीचा पेपर किंवा दुसरं काही येतं. म्हणजे गणित मेजर आणि स्टॅटिस्टिक्स मायनर अशी जोडी घेतलीस, तर ज्ञान भरपूर मिळेल, पण एखाद्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेवर स्टॅटिस्टिक्स दिसणारच नाही, आणि कागद तपासणारा माणूस तुझं ज्ञान तपासायला बसलेला नसतो. उलट बाजूनं बघ: गणित मेजर नसल्यामुळे डेटाच्या कामात तुझं दार कुठे बंद होतं? मला तरी असं दार चटकन आठवत नाही. शुद्ध गणितातच एम.एस्सी., पीएच.डी. करायची असती तर सल्ला बदलला असता. तू तसं म्हणालेली नाहीस.

यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर मेजर बदलायची मुभा आहे, पण तिच्यावर विसंबून आज काहीही टिचकी मारून ठेवू नकोस. बदल मिळतो, मागचे राहिलेले पेपर मात्र कुणी शिकवायला येत नाही.

आता डोक्यात काय असावं, त्याकडे. इथेच खरी योजना होते, आणि ती मागून पुढे आखायची असते. सहाव्या सेमिस्टरचा पेपर समोर घ्यायचा आणि विचारायचं, हा कशावर उभा आहे? मग तो पेपर घ्यायचा, पुन्हा तेच विचारायचं. असं करत पहिल्या सेमिस्टरपर्यंत यायचं.

एक साखळी करून दाखवतो. शेवटच्या वर्षात रिग्रेशन असतं, म्हणजे काही मापांवरून दुसऱ्या एखाद्या मापाचा अंदाज बांधायची पद्धत. त्यात सगळा जीव एका मॅट्रिक्सच्या इन्व्हर्समध्ये असतो. दोन कॉलम एकमेकांवर अवलंबून निघाले, उदाहरणार्थ एकात उंची सेंटिमीटरमध्ये आणि दुसऱ्यात तीच उंची इंचात, तर तो इन्व्हर्स अस्तित्वातच नसतो. सॉफ्टवेअर तरीही काहीतरी छापतं किंवा एक कॉलम गुपचूप टाकून देतं. हे का झालं ते कळायला मॅट्रिक्सचा रँक (त्यातले खरोखर स्वतंत्र कॉलम किती) म्हणजे काय ते हाडात मुरलेलं लागतं. नुसतं काढता येणं पुरत नाही. म्हणजे लिनियर अल्जिब्रा रिग्रेशनच्या आधी संपला पाहिजे. पुढे, रिग्रेशनमधले गुणांक खरेच शून्यापेक्षा वेगळे आहेत का ते टी आणि एफ डिस्ट्रिब्यूशनवरून तपासतात. ही दोन्ही काय-स्क्वेअरवरून येतात. काय-स्क्वेअरच्या सूत्रात गॅमा फंक्शन बसलेलं असतं, आणि डिग्री ऑफ फ्रीडम एक असेल तिथे गॅमा ऑफ अर्धा येतो, ज्याची किंमत पायचं वर्गमूळ.

ते वर्गमूळ कुठून आलं, हा प्रश्न मी वर्गात हमखास विचारायचो. नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनच्या घंटीच्या आकाराच्या वक्राखालचं क्षेत्रफळ सरळ इंटिग्रेट करून निघत नाही. त्याचा वर्ग करून डबल इंटिग्रल बनवायचा, पोलर कोऑर्डिनेट्समध्ये जायचं, मग तो दोन ओळींत सुटतो. ज्यांचं डबल इंटिग्रल आणि जेकोबियन (चलं बदलताना लागणारा गुणक) आधी झालेलं असे, त्यांचे डोळे तिथे चमकायचे. ज्यांचं झालेलं नसे, ते "पायचं वर्गमूळ, लक्षात ठेवा" असं वहीत लिहून चौकट आखायचे. टी डिस्ट्रिब्यूशन काढतानाही तोच जेकोबियन लागतो, म्हणजे दुसरी चौकट. अशा चौकटी वाढत गेल्या की पाचव्या सेमिस्टरपर्यंत मुलगी हुशार असूनही विषय पाठांतराचा होऊन बसतो.

म्हणून मायनर गणित. नुसतं "गणित" असं मोघम नको. पहिल्या वर्षात कॅल्क्युलस, शक्य तितक्या लवकर अनेक चलांचं कॅल्क्युलस, आणि रिग्रेशन येण्याआधी लिनियर अल्जिब्रा. मायनरमधले पेपर निवडायला मिळाले तर याच क्रमानं घे. गणिताच्या विभागानं तुझ्या मायनरमध्ये ग्रुप थिअरी आधी ठेवली असेल आणि लिनियर अल्जिब्रा नंतर, तर लिनियर अल्जिब्रा स्वतः सुट्टीत उरकून घ्यावा लागेल. ग्रुप थिअरी सुंदर आहे, पण तुझ्या साखळीत ती अडणारी कडी नाही.

बाबांना काय सांगायचं? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. कॉम्प्युटरशिवाय आजचं स्टॅटिस्टिक्स म्हणजे कागदावरची कसरत. पण प्रोग्रॅमिंग बाहेर, घरी, सुट्टीत, चुका करत शिकता येतं. संगणक स्वतःच चूक दाखवतो. लिनियर अल्जिब्रा असं एकटीनं शिकून टिकवणारी मुलं मी फार थोडी पाहिली. जे एकटीला जमत नाही त्याला वर्गातले क्रेडिट द्यायचे, जे जमतं त्याला सुट्ट्या. शिवाय स्किल एन्हान्समेंटचे पेपर असतातच. तिथे आर किंवा पायथन मिळाला तर तो घ्यायचा, आणि डेटाबेसची एसक्यूएल कुठे मिळाली तर तीही. स्किलच्या यादीत पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटसारखं सोपं काही समोर असेल आणि सगळ्या मैत्रिणी तिकडे जात असतील, तेव्हा मन घट्ट कर. बाबांचा कॉम्प्युटर या खिडकीतून आत येतो.

आता तासांचा हिशेब, जो बहुतेक कुणी करतच नाही. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट आहेत. गुजरातनं सेमिस्टरला २२ क्रेडिटचा आकृतिबंध घेतला आहे, म्हणजे तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६. पहिल्या सेमिस्टरला साधारण वाटणी अशी असते: मेजरचे ८, मायनरचे ४, मल्टिडिसिप्लिनरीचे (दुसऱ्या शाखेतल्या विषयाचे) ४, आणि भाषा, स्किल, व्हॅल्यू अॅडेड असे २-२. तुझ्या फॅकल्टीच्या पत्रकाशी हे ताडून घे.

थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे दोन तास. समज, २२ पैकी ४ प्रॅक्टिकलचे आहेत. मग १८ अधिक ८, झाले आठवड्याला २६ तास वर्गात. थिअरीच्या प्रत्येक तासामागे घरी निदान एक तास धरला तर ४४. मांजलपूरहून सयाजीगंजला सायन्स फॅकल्टीत जाणं-येणं वेगळं. क्रेडिटच्या आकड्यानं फसायला होतं ते इथे: दोन क्रेडिटचा प्रॅक्टिकल पेपर दिसायला छोटा, पण तो आठवड्यातले चार तास घेतो, वर जर्नल लिहिणं आलंच.

या ४४ तासांच्या शेजारी तबला मांडून बघ. एका वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करायला यूजीसीनं २०२२ मध्ये परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गांचे असले तरी चालतात, मात्र वेळा एकमेकींवर येता कामा नयेत आणि विद्यापीठाचे नियम तशी वाट देणारे हवेत. म्हणजे प्रश्न परवानगीपेक्षा वेळापत्रकाचा आहे. सायन्सची प्रॅक्टिकल्स दुपारी लांबतात, आणि प्रॅक्टिकलची बॅच कोणती मिळेल ते प्रवेशानंतरच कळतं. सयाजीगंजहून सूरसागर तलावाजवळच्या म्युझिक कॉलेजपर्यंत, काला घोडा, कोठी, रावपुरा करत गर्दीच्या वेळी पोचायला जो वेळ लागतो तोही धर. पहिल्याच आठवड्यात बॅच बदलून मिळते का ते विचार. महिन्यानंतर विचारशील तर नाही म्हणतील. डिप्लोमाचा प्रवेश पहिल्याच वर्षी घेण्याऐवजी एक वर्ष गुरुजींकडे शिकणं चालू ठेवून दुसऱ्या वर्षी घेतला तर मला जास्त बरं वाटेल, कारण तोवर तुझी कुवत आणि वेळापत्रक दोन्ही तुला कळलेलं असेल. १८८६ पासून ते कॉलेज तिथे आहे, आणखी एक वर्ष थांबेल.

भाषा, व्हॅल्यू अॅडेड, मल्टिडिसिप्लिनरी यांवर फार डोकं शिणवू नकोस. फक्त मल्टिडिसिप्लिनरीत इकॉनॉमिक्स मिळत असेल तर सोडू नको. डेटा शेवटी कशाचा तरी असतो. बाजाराचा, लोकांचा, आजारांचा. ज्याला फक्त पद्धती येतात आणि कुठल्याही क्षेत्राची भाषा येत नाही, त्याला काम देणारे लवकर कंटाळतात. बडोद्याच्या लोकांना सांगायला नको, पण सांगतो: सयाजीरावांच्या दरबाराची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी बघण्यासारखी आहे: अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन एक-एक. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, तरी मुलूखगिरी केवढी. आणि तरीही मध्यभागी काय आहे याबद्दल शंका राहत नाही. २९ हा आकडा बाकी सगळ्यांच्या बेरजेइतका भरत आला आहे.

ऑनलाइन कोर्सबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स करून सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात असा यूजीसीचा नियम आहे. तुझं विद्यापीठ त्यातले कोणते मान्य करतं ती यादी आधी बघायची, कोर्स नंतर. तिथले एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांनी शिकवलेले, स्टॅटिस्टिक्सचे काही कोर्स उत्तम आहेत. १२ आठवड्यांचा साधारण ३ क्रेडिटचा धरतात. अडचण एकच, त्यांच्या केंद्रावरच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतात, म्हणजे नेमक्या सेमिस्टरच्या परीक्षेला घासून. सेमिस्टरला एकापेक्षा जास्त घेऊ नकोस, आणि पाचव्या-सहाव्यात तर एकही नको.

पाचव्या-सहाव्यात का नको, ते आता सांगतो. तीन की चार वर्षं, हा तुझा प्रश्न खरं तर तिथे ठरणार आहे.

हिशेब असा आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची एम.एस्सी., म्हणजे पाच. चार वर्षांची ऑनर्स आणि एक वर्षाची एम.एस्सी., तरी पाचच. म्हणून "एक वर्ष वाया जाईल" ही भीती काढून टाक. पण एक वर्षाची एम.एस्सी. प्रत्येक संस्थेत सुरू असेलच असं नाही, आणि चांगल्या संस्थांत दोन वर्षांचा मार्ग रुळलेला आहे. चौथ्या वर्षात ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून ७५ टक्के लागतात. मग १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर मास्टर्सशिवाय थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. संशोधनाकडे कल असेल तर हा रस्ता चांगला. नोकरीकडे असेल तर तिसऱ्या वर्षानंतर बाहेरच्या चांगल्या एम.एस्सी.ला जाणं मला जास्त पसंत आहे, कारण नवे शिक्षक आणि नवे सोबती मिळतात.

बाहेर जायचं तर एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटी घेतात ती जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा पेपर, तीन तास, १०० गुण, ६० प्रश्न. त्यात सीक्वेन्स-सीरीज, कॅल्क्युलस, मॅट्रिक्स हे गणित आहे, आणि बाकी प्रोबॅबिलिटीपासून एस्टिमेशन व टेस्टिंगपर्यंतचं स्टॅटिस्टिक्स. फेब्रुवारी म्हणजे तुझं सहावं सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं असेल. कॉलेजात एस्टिमेशन किंवा टेस्टिंगचा पेपर सहाव्यात असेल तर परीक्षा शिकवण्याच्या आधी येऊन जाईल. तो भाग चौथ्या सेमिस्टरनंतरच्या उन्हाळ्यात स्वतः संपवायचा. पुढे मार्चच्या आसपास केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा सीयूईटी-पीजी आणि मेमध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची (आयएसआय). आयएसआयच्या परीक्षेत सूत्रं कामाला येत नाहीत, सिद्धता लिहाव्या लागतात. वर सांगितलेल्या चौकटी तिथे एका क्षणात उघड्या पडतात.

जॅम निघाली नाही तर? तर चौथं वर्ष इथेच. म्हणून ७५ टक्क्यांची रेघ पहिल्या सेमिस्टरपासून डोळ्यांसमोर ठेव. पहिल्या वर्षी "नंतर भरून काढू" म्हणणाऱ्यांचं पुढे भरून निघत नाही, कारण पाचव्या-सहाव्यात पेपर कठीण होत जातात आणि सरासरी मात्र सहाही सेमिस्टरची धरतात.

इंटर्नशिपसाठी पुण्या-मुंबईकडेच बघायला हवं असं नाही. मकरपुरा जीआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनतात, नंदेसरीला रसायनं, शहरात औषध कंपन्या. जिथे एकच माप हजारो वेळा घेतलं जातं तिथे कंट्रोल चार्ट, म्हणजे माप मर्यादेबाहेर जातंय का ते दाखवणारा आलेख, लागतो, आणि अमेरिकेतल्या वॉल्टर शूहार्टनं १९२४ मध्ये काढलेला तो साधा आलेख अजून जिवंत आहे. कारखान्यात जाऊन "मला डेटा सायन्स करायचंय" म्हणशील तर चहा पाजून परत पाठवतील. "तुमच्या मागच्या वर्षीच्या रिजेक्शनच्या नोंदी मला बघायला द्या, कुठल्या पाळीत आणि कुठल्या मशीनवर जास्त जातं ते मी काढून दाखवते" असं म्हण. विद्यापीठातच स्टॅटिस्टिक्स विभागाशी जोडलेलं पॉप्युलेशन रिसर्च सेंटर आहे. आरोग्याच्या सर्वेक्षणाचा खराखुरा डेटा किती मळलेला असतो ते पाहायला तशी जागा दुसरी नाही. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात विचारून बघ.

कागदांचं एक काम मात्र आजच सुरू कर. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी काढशीलच, तो आता लागतोच. पण त्यात क्रेडिटचा आकडा दिसतो, पेपरात काय शिकवलं ते नाही. पुढे कुठेही प्रवेशाला "रिअल अॅनालिसिस किती झालं?" असं विचारतील तेव्हा तुझ्या वर्षाचा सविस्तर अभ्यासक्रमच दाखवावा लागतो, आणि वेबसाइटवर तोवर नवा चढवलेला असतो. प्रत्येक सेमिस्टरच्या सुरुवातीला पीडीएफ उतरवून एका फोल्डरमध्ये ठेव.

आणि आराखडा कागदावर झाला की विभागात जा, शक्यतो सकाळी, प्रवेशाची गर्दी ओसरल्यावर. सहा उभे रकाने कर, प्रत्येकात त्या सेमिस्टरचे पेपर, आणि कुठला कुठल्यावर अवलंबून आहे त्याचे बाण. तो कागद पुढे ठेवून शिकवणाऱ्या माणसाला एवढंच विचार: यातले कोणते इलेक्टिव्ह मागच्या दोन वर्षांत खरोखर चालले? छापलेल्या यादीत टाइम सीरीज असतं, सर्व्हायव्हल अॅनालिसिस असतं; पुरेशी मुलं आली नाहीत किंवा शिकवणारे निवृत्त झाले की तो पेपर कागदावरच राहतो. जे चालत नाहीत त्यांवर पेन्सिलनं काट मार, बाण पुन्हा जोड, आणि मग जीकॅसच्या, म्हणजे गुजरातच्या सामाईक प्रवेशाच्या, पोर्टलवर पसंतीक्रम भर.